कुजबुज, पाच-नऊ

टेलरमास्तरांचा माणसांवर विश्वास नव्हता, टेपवर होता. आणि त्यात त्यांची फारशी चूकही नव्हती म्हणा. तीस वर्षं ज्याने लोकांच्या कमरा मोजल्या, त्याला माणूस किती खोटं बोलतो हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "चौतीस घ्या मास्तर," आणि पोट आत ओढून, श्वास धरून उभं राहतं. मास्तर मग मुद्दाम इकडच्यातिकडच्या गप्पा काढायचे. माणूस बोलायला लागला की श्वास सुटतो आणि चौतिसाचे अडतीस होतात. असे अडतीस बघूनबघून त्यांना सवयच जडली. समोरचा गोड बोलला रे बोलला, की यांच्या कपाळाला आठी.

दुकानात हे चालून गेलं. दुकान तळमजल्यावर. पण त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत मास्तरांचा दुसरा संसार होता, आणि तिथे या सवयीने घात केला. तो संसार म्हणजे हौशी रेडिओ. परवाना काढायचा, घरात यंत्र मांडायचं, गच्चीवर अँटेना उभी करायची आणि जगभरच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचं. वर्षातून एकदा त्यांची स्पर्धा. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत जास्तीत जास्त वेड्यांना गाठायचं. समोरच्याला "पाच-नऊ" म्हणायचं, आपला अनुक्रमांक द्यायचा, त्याचा घ्यायचा, नोंद करायची, की पुढचा. पाच-नऊ म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि खणखणीत येतोय. खरं तर स्पर्धेत समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा येत असला तरी सगळे पाच-नऊच देतात, उगाच वेळ कोण घालवणार? मास्तर एकटे खरा आकडा द्यायचे. "तीन-चार म्हणजे तीन-चार," ते म्हणायचे. "अडतीसच्या कमरेला चौतीस लिहू काय?"

संघ तिघांचा. एक नंबरच्या रेडिओवर सिस्टर, म्हणजे इस्पितळातल्या वॉर्डाची मुख्य नर्स. तिचा कान असा की चार माणसं एकदम ओरडली तरी चौघांची नावं वेगळी काढायची. दोन नंबरच्या रेडिओवर स्वतः मास्तर. आणि गच्चीवर मास्तरांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. हा लिफ्ट दुरुस्त करायचा. या खोलीतली प्रत्येक तार त्याने ओढलेली, गच्चीवरचा खांब त्याने उभा केलेला. दोन महिन्यांपूर्वी अँटेना फिरवायची मोटर जळाली, तेव्हापासून पठ्ठ्या खांबाला लोखंडी पाइप आडवा बांधून हातानेच अँटेना फिरवत होता.

खोलीत एक नियम होता, मास्तरांनीच केलेला. सिस्टरचा माइक दिवसभर चालू, म्हणून मोठ्याने बोलायचं नाही. काय सांगायचं ते शेजारच्याच्या कानाशी वाकून. मास्तरांचा स्वतःचा माइक हेडफोनलाच जोडलेला, ओठांसमोर येणारा. तो चालू व्हायचा पायाने. जुन्या शिलाई मशीनचं पेडल त्यांनी टेबलाखाली बसवलं होतं. पाय दाबला की आवाज हवेत, सोडला की बंद. या पेडलचा त्यांना भारी अभिमान. "आमचा पाय तीस वर्षांचा तयार आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. पेडल दाबलं की यंत्रावर लाल दिवा लागायचा, तो डोळ्यात खुपतो म्हणून त्यावर त्यांनी कॉलरच्या कापडाचा तुकडा चिकटवून टाकला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी घरातून निघताना बायकोने हातात डबा दिला आणि वाट अडवली.

"एक ऐकून जा. चार वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांना असंच संशय घेऊन घालवलंत. भावासारखा माणूस, आज नदीपलीकडे दुसरा संघ काढून बसलाय. आता माझ्या भावाच्या मागे लागाल तर मी सांगून ठेवते, तो एकटा जायचा नाही. मीही जाईन त्याच्याबरोबर."

"मी काय बोललो त्याला?"

"बोलला नाहीत. पण काल त्याचा फोन वाजला तेव्हा तुम्ही कसं बघितलंत ते मी बघितलं."

बाई पोकळ धमक्या देणाऱ्यातल्या नव्हत्या. आणि मेव्हण्यावाचून आपलं पान हलत नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तरी जिना चढताना त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: काल फोन कुणाचा होता?

सकाळ झकास गेली. साडेनऊला मास्तरांनी हेडफोन गळ्यात उतरवला आणि गच्चीवरून खाली आलेल्या मेव्हण्याच्या कानाशी वाकून बेत सांगितला. "दहा वाजता पूर्वेला फिरव. मी वर चारशेवीसवर जातोय. जागा एकदम रिकामी आहे, कुणाला पत्ता नाही."

रेडिओच्या पट्टीवर अशी मोकळी जागा म्हणजे स्पर्धेतलं सोनं. बाजाराच्या दिवशी पथारी टाकायला कोपरा मिळावा तशी. एकदा बसलात की गिऱ्हाईक आपसूक येतं. दहाला मास्तर चारशेवीसवर गेले, तर तिथे आधीच कुणीतरी ठाण मांडून हाका मारत होतं. आवाज ओळखायला अर्धं वाक्यही लागलं नाही. चष्मेवाला!

योगायोग असेल, मास्तर मनाशी म्हणाले. पण ते म्हणतानाच त्यांना ते पटलं नाही.

अकराला तेच. मास्तरांनी वाकून सांगितलं, "बेटांकडे वळव, पाचशेदहा," आणि पाचशेदहावर गेले तर चष्मेवाला तिथे पाय पसरून बसलेला. वर ऐटीत म्हणतोय कसा, "ही जागा चालू आहे, कृपया पुढे सरका." मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात भर म्हणजे हेडफोन परत कानावर चढवला की समोरची स्टेशनं वैतागून म्हणायची, "पुन्हा सांगा, काही कळलं नाही." अरे, मी बोललोच कुठे? मास्तर चरफडायचे. आज सगळ्या जगाचे कान फुटलेत वाटतं!

एकदा योगायोग. दोनदा? टेप असं सांगत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. बेत कुणाला माहीत? मास्तरांना. आणि मेव्हण्याला. सिस्टरच्या कानावर सकाळपासून हेडफोन, तिला तर शेजारी बाँब फुटला तरी कळायचं नाही.

मग मास्तर मेव्हण्याला न्याहाळायला लागले. आणि एकदा न्याहाळायला लागलं की काय, जो तो चोरच दिसतो. मेव्हणा दर थोड्या वेळाने फोन घेऊन जिन्यात जात होता. जिन्यातच का? गच्ची काय कमी मोठी आहे? बोलताना पाठ करत होता. खोलीत आला की फोन पालथा ठेवत होता. पाणी प्यायच्या निमित्ताने मास्तर दाराशी गेले, तर जिन्यातून शब्द आले: "हो, हो, सांगतो की सगळं. नाही, त्यांना काही कळलेलं नाही. तू काळजी करू नकोस."

मास्तरांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. तीस वर्षं अस्तनी शिवली, आणि निखारा कुठे? आपल्याच बाहीत!

पण मास्तर नुसत्या ऐकीव गोष्टीवर कापड कापणारे नव्हते. त्यांनी माप घ्यायचं ठरवलं. बाराला मेव्हण्याला जवळ घेतलं, वाकले, आणि धादांत खोटा बेत सांगितला. "साडेबाराला मी खाली तीनशेतीसवर जातोय. तुझ्या-माझ्यातच राहू दे." तीनशेतीसवर जायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तिथे इतकी खरखर, की कुत्रं फिरकायचं नाही.

साडेबाराला त्यांनी हळूच काटा तीनशेतीसवर आणला. खरखरीच्या आत, बिचारा घसा ताणून हाका मारत बसलेला, चष्मेवाला.

झालं. माप मिळालं. मास्तरांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटेना. कारण आता पुढे काय? दुसरा कुणी असता तर उभ्या उभ्या हाकलला असता. हा बायकोचा भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलावं तर घर उठतं, आणि न बोलावं तर हा गच्चीवर उभा राहून आपल्याला विकतोय.

दीडला सिस्टरने दहा मिनिटांची सुट्टी घेतली, हेडफोन काढला आणि डबा उघडला. तिच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित हाक आपोआप चालू होती, म्हणून नियम तोच: कुजबुजच. मास्तर तिच्या कानाशी वाकले आणि सगळं ओकून टाकलं. चारशेवीस, पाचशेदहा, जिना, सापळा.

सिस्टरने घास खाली ठेवला. वॉर्डात नातेवाइकांचे असे हजार संशय तिने ऐकले होते.

"मास्तर, चष्मेवाल्यांच्या वेळीही तुम्ही असंच शपथेवर सांगितलं होतंत. त्यांनी मुद्दाम घड्याळ तासभर मागे लावलं, म्हणून आपली सगळी नोंदवही बाद झाली. आठवतं? तेव्हाही तुमच्याकडे पुरावा होता."

मास्तर आणखी खाली वाकले, इतके की तिलाही जेमतेम ऐकू यावं.

"ते त्याने केलं नव्हतं. सेल बदलताना मीच ते तासभर मागे लावलं होतं. आठच दिवसांत माझ्या लक्षात आलं."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कोणत्या तोंडाने सांगू? त्याला चारचौघांत चोर म्हणालो होतो. रोज ठरवायचो, उद्या जाऊन पाय धरीन त्याचे. उद्या-उद्या करता चार वर्षं गेली. त्याच्यासारखा मित्र मला पुन्हा मिळाला नाही, सिस्टर. कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू," सिस्टर म्हणाली आणि डबा न संपवताच झाकण लावलं.

आणि काय आश्चर्य! त्यानंतर चष्मेवाला थंड पडला. दोन वाजता मास्तर नव्या जागी गेले, जागा मोकळी. अडीचला मोकळी. तीनला मोकळी. नोंदी भराभर वाढायला लागल्या. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानले असते. पण संशयी माणसाला सुखसुद्धा फसवायलाच आल्यासारखं वाटतं. आता हा गप्प का? मास्तरांनी हिशेब मांडला: मेव्हण्याने गच्चीवरून आपलं आणि सिस्टरचं बोलणं ऐकलं असणार, आणि पलीकडे कळवलं असणार की म्हातारा सावध झालाय, आवरतं घे. म्हणजे चोर तर चोर, वर हुशार! गप्प बसण्याचाही पुरावा झाला. काय बोलणार?

साडेचार वाजता मेव्हणा खाली आला. उन्हाने लाल झालेला, हातमोज्यांना गंज लागलेला. "भाऊजी, आता कुठे फिरवू?"

त्या प्रश्नानेच मास्तरांचं टाळकं सटकलं. म्हणजे याला पुढचा बेत हवाय! त्यांनी त्याची बाही धरली, खाली ओढलं, त्याच्या कानाशी वाकले आणि दातओठ खात कुजबुजले.

"किती दिवस चाललंय हे? चष्मेवाल्याला काय काय कळवतोस? मी तुला पोटच्या पोरासारखा वागवला, आणि तू जिन्यात उभा राहून मला विकतोस? तुमचं घराणंच तसलं. पोटात एक, ओठात एक. तुझी बहीण, लग्नाला तीस वर्षं झाली, कपाटाची किल्ली कुठे ठेवते ते अजून मला सांगत नाही. चालता हो. पुन्हा या गच्चीवर पाय ठेवू नकोस."

मेव्हणा सरळ झाला. हातमोजे काढून त्याने टेबलावर ठेवले, एकावर एक, नीट. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यांच्याशेजारी ठेवली.

"ही तुमची रक्तदाबाची गोळी. ताईने माझ्याकडे दिली, तुम्ही विसरता म्हणून. सकाळपासून दर तासाला ती फोन करून विचारतेय, घेतली का, डबा खाल्ला का, आणि हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं तिला. तुम्ही दोनदा माझ्यावर खेकसलात, म्हणून मी तिला खोटंच सांगत होतो, घेतली म्हणून. एवढीच फितुरी केली मी."

तो गेला. त्याची पावलं तिन्ही मजले उतरेपर्यंत मास्तरांना ऐकू येत होती. सिस्टरच्या कानावर हेडफोन होता, तरी तिने वळून दाराकडे पाहिलं.

मास्तरांनी पट्टी उचलून बघितली. पट्टीवर दहाच्या दहा गोळ्या शाबूत होत्या. हे खरं असेल का? असेलही. पण तीनशेतीसचं काय? तिथे तर चष्मेवाला बसला होताच ना? त्यांनी स्वतःला बजावलं: भावना बाजूला, माप खोटं बोलत नाही. आता मेव्हणा गेला, आता बघू चष्मेवाल्याला कोण कळवतं ते.

पावणेपाच होत आले होते. त्यांनी हेडफोन गळ्यात घेतला, कागद ओढला, आणि कुणाला न सांगता नवी जागा ठरवली. लिहिताना आकडा पुटपुटायची त्यांची दुकानातली सवय. कागदावर वाकून ते ओठातल्या ओठात म्हणाले, "सहाशेपंचाहत्तर." लिहिलं. खाली रेघ मारली. कागद घडी करून खिशात घातला. आता हे फक्त त्यांना आणि खिशाला माहीत.

हेडफोन चढवून त्यांनी काटा सहाशेपंचाहत्तरवर आणला, आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चष्मेवाला तिथे होता. हाका मारत नव्हता. वाट बघत होता. तोच जुना, थोडा नाकातला आवाज, चार वर्षांत एकदाही त्यांच्याशी न बोललेला.

"मास्तर, पाय काढ रे."

मास्तरांनी गोंधळून हेडफोनची पिन उपसली. आवाज खोलीत घुमला. सिस्टरने आपला हेडफोन काढला.

"कसला पाय?" मास्तर ओरडले, आणि आपण हवेत बोलतच नाही आहोत हे लक्षात आल्यावर पेडल दाबून पुन्हा ओरडले, "कसला पाय?"

"पेडलवरचा. सकाळी साडेनऊपासून तू कुणाच्या कानात कुजबुजलास की ते माझ्या कानात येतंय. स्पर्धेतल्या हाका सोडल्या, तर खोलीतलं दुसरं काही येत नाही. फक्त कुजबुजतोस तेच येतं."

मास्तरांनी दिव्यावरचं कापड ओरबाडून काढलं. ताठ बसले: दिवा विझलेला. वाकले: लाल. ताठ: विझला. वाकले: लाल. तीस वर्षांचा तयार पाय! मान सुईकडे झुकली की पाय आपसूक दाबला जायचा, आणि गळ्यातला माइक नेमका ओठांशी. वाकल्याशिवाय कुजबुज नाही, आणि कुजबुजल्याशिवाय गुपित नाही. स्पर्धेतल्या हाका सोडल्या, तर त्यांचं मोठ्याने बोललेलं एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. गेलं होतं ते सगळं आतलं.

"काखेत कळसा," सिस्टर हळूच म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

"मीही काही साधू नाही," चष्मेवाला सांगत होता. "पहिल्यांदा चुकून कानावर पडलं, मग एक रिसीव्हर तुझ्यामागेच लावून ठेवला. जिरवायची होती तुझी. तीनशेतीसवर बसून घसा बसला माझा, म्हटलं, या खरखरीत हा येतोय तरी कशाला? पण दीडनंतर मी जागचा हललो नाही. का ते तुला माहीत आहे."

घड्याळ. चोर. पाय धरीन त्याचे. दीडची ती कुजबुज!

"आता आलो ते त्या पोरासाठी. त्याने मला कधी एक शब्द सांगितलेला नाही. घड्याळाच्या वेळी माझी बाजू घेणारा तो एकटाच होता, एवढं तरी लक्षात ठेव."

पाचला आठ कमी होते. शेवटची मिनिटं, जेव्हा एकेका नोंदीसाठी जीव टाकायचा असतो. चष्मेवाला म्हणाला, "ही जागा तुझी. काय बोलायचं ते बोल. त्याच्या गाडीत रेडिओ आहे, तुझ्या स्टेशनाचा मागोवा घेतल्याशिवाय तो कधी गाडी चालू करत नाही. तूच शिकवलंयस त्याला."

मास्तरांनी उठून दार लावावं असं मनात आणलं, मग त्यातला वेडेपणा लक्षात आला. ते ताठ बसले. इतके ताठ, की पाय पेडलवर आपोआप पडेना. मुद्दाम शोधून, टाच टेकवून दाबावा लागला. लाल दिवा लागला.

"मी टेलरमास्तर बोलतोय," ते म्हणाले. आवाज मोठा होता. "घड्याळ मी मागे लावलं होतं. चष्मेवाल्याने नाही. चार वर्षं मला माहीत होतं आणि मी लपवलं. आणि आज मी माझ्या मेव्हण्याला फितूर म्हणालो. तो फितूर नाही. फितूर मीच. इथली प्रत्येक तार त्याची आहे. तो नसेल तर मला रेडिओ नको, स्पर्धाही नको. अरे, चुकलं माझं. ऐकत असशील तर परत ये. नसशील येणार, तर निदान ताईला घेऊन जाऊ नकोस."

त्यांनी पाय उचलला. खोलीत नुसती खरखर. सिस्टरच्या रेडिओवर कुणीतरी परदेशी माणूस तिला हाका मारत होता, तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

मग चष्मेवाला म्हणाला, "पाच-नऊ, मास्तर. आणि हे स्पर्धेतलं पाच-नऊ नाही, खरं आहे."

खाली रस्त्यावर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. चालू होण्याचा नाही. मास्तर श्वास धरून बसले, अगदी चौतीस कंबर सांगणाऱ्या गिऱ्हाइकासारखे. पावलं जिन्यावर आली, तिसऱ्या मजल्यावर आली, दाराशी थांबली नाहीत, सरळ वर गेली. थोड्या वेळाने डोक्यावर लोखंडी पाइप कुरकुरला.

"कुठे फिरवू?" गच्चीवरून हाक आली. कोरडी, कामापुरती.

दिवसभरात पहिल्यांदाच मास्तरांनी मान वर करून खिडकीतून बोंब मारली. "तू म्हणशील तिकडे!"

वरून पुन्हा आवाज आला, अजून घुश्शातलाच. "गाडीत बसलो आणि ताईचा फोन आला. साडेचारला तिने स्वयंपाकघरातला रेडिओ लावला, त्यावर सगळं ऐकलंय तिने. तिने सांगितलंय, कपाटाची किल्ली तीस वर्षं कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली आहे. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. आणि गोळी घेतली का, विचारतेय. या वेळी मी काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

स्वयंपाकघरातला रेडिओ मास्तरांनीच बसवून दिला होता, आपली शान तिला घरबसल्या ऐकू यावी म्हणून. तो खिळाही त्यांच्या डोळ्यांसमोर आला. रोज सकाळी तारीख बघताना ती किल्ली त्यांच्या नाकासमोर लोंबत असायची.

पाचला दोन मिनिटं होती. नोंदवही उघडी पडली होती, गच्चीवर अँटेना हळूहळू फिरत होती, कुठल्या दिशेला ते मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी पट्टीतून एक गोळी फोडली, पाण्याबरोबर गिळली. मग ताठ बसून पेडल दाबलं आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल असं, खणखणीत सांगितलं:

"घेतली."